घर हललं, ओटा राहिला

पुलगावहून आर्वीकडे निघालं की वाटेत आमचं रोहणा. शकुंतला रेल्वेची छोटी लाइन कधीच बंद पडली, पण म्हातारी माणसं अजून ‘टेसनाकडं’ जातात. गाडी गेली, नाव टिकलं. माझ्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात नेमकं उलटं होतं. गाडी जागेवर असते आणि नावच कुणीतरी उचलून नेतं.

गेल्या तान्ह्या पोळ्याला गावी होतो. शेजारच्या पोराच्या लाकडी नंदीला झूल बांधत असताना पुण्याहून ऑफिसचा फोन आला. रात्री आमचा एक सामायिक रेपो, म्हणजे कोडचं कोठार, नव्या खात्यात हलवला होता आणि सकाळपासून एकही बिल्ड होत नव्हतं. जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळवण्याच्या सोयीवर विसंबून हलवणाऱ्यांचं उत्तर तयार होतं : ‘पण रिडायरेक्ट आहे ना!’ या एका वाक्याने माझी किती रात्रींची झोप खाल्ली, त्याचा हिशेब मांडायचा म्हणून हा मागोवा. मुहूर्तही आहे. गुगल कोड ही रेपो ठेवण्याची जागा जानेवारी 2016 मध्ये बंद झाली, त्याला दहा वर्षं झाली.

गो ही प्रोग्रामिंगची भाषा येण्याआधीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सोर्सफोर्ज, सबव्हर्जन, झिप फायली. कोड कुठे ठेवलाय याचा त्याच्या नावाशी संबंध नव्हता. पायथनचं पॅकेज आजही कुठल्याही सर्व्हरवर ठेवा, ते मागवणारी इम्पोर्टची ओळ तीच राहते. जावावाल्यांनी संस्थेचं डोमेन उलटं करून नाव घ्यायची रीत पाडली, पण तिथेही डोमेन हे आडनावच होतं. त्या पत्त्यावर जाऊन कुणी दार वाजवत नव्हतं.

मग आलं गो. 2009 मध्ये खुलं झालं, 2012 मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली आणि आम्ही हुरळलो. इम्पोर्टमध्ये थेट पत्ता लिहायचा, ‘गो गेट’ म्हणायचं, कोड घरपोच. मधे दलाल नाही. पत्ता हेच नाव झालं, आणि घर हललं की माणसाचं नावही बदलणार हे त्या भरात सुचलं नाही. मी स्वतः चाळीसेक फायलींत असे पत्ते ठोकले होते, तेव्हा दोष दुसऱ्यांना देताना आवाज जरा खालीच ठेवतो.

गोच्या कर्त्यांना मात्र वेळेत सुचलं. 2014 च्या अखेरीस त्यांनी आपला कोड गुगल कोडवरून हलवला, पण जोडपॅकेजांना गिटहबसारख्या रेपोंच्या जागेचा पत्ता दिला नाही. ‘गोलँग डॉट ऑर्ग’ या स्वतःच्या डोमेनचं नाव दिलं. त्या डोमेनच्या पानावर एक मेटा टॅग असतो. ‘गो’ तिथे विचारतं, टॅग खरी जागा दाखवतो. उद्या ती जागा बदलली तरी टॅगमधली एक ओळ बदलायची, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

त्याच सुमारास मी ऑफिसात हेच सुचवलं होतं. वरिष्ठ म्हणाले, ‘डोमेनचे पैसे कोण भरणार?’ वर्षाला हजार रुपयेसुद्धा नव्हते. पुढच्या सहा वर्षांत तीनदा रेपो हलला आणि तिन्ही वेळा लोकांनी रात्री जागून इम्पोर्ट बदलले. त्या जागरणांचा खर्च कुठल्याच वहीत चढला नाही.

बाहेरही धडे मिळत होते. 2017 मध्ये लॉगरस या लोकप्रिय पॅकेजच्या पत्त्यातलं पहिलं कॅपिटल अक्षर लहान झालं. गिटहबला दोन्ही सारखीच, पण ‘गो’ला ती दोन वेगळी पॅकेजं. एका प्रकल्पात दोन्ही स्पेलिंगं शिरली की बिल्ड अडायचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गो 1.9 ने टाइप एलियस आणला, तो अशाच स्थलांतरांसाठी. जुन्या पॅकेजात एक ओळ लिहायची : हा प्रकार म्हणजेच तिकडचा तो प्रकार. मग जुनं नाव घेणारा आणि नवं घेणारा यांच्यात भांडण नाही, आणि ज्याला जसं जमेल तसं त्याने हलावं.

2018 मध्ये ‘गो’त मॉड्यूलं आली आणि रिडायरेक्टचा भरवसा पार संपला. आता ‘गो डॉट मॉड’ फायलीत कोड स्वतःचं नाव स्वतः सांगतो. जुन्या पत्त्यावर हाक मारली, रिडायरेक्टने नव्या घरी पोचवलं, पण तिथला म्हणाला, ‘मी तो नव्हेच’, तर ‘गो’ परत फिरतं. पोळ्याच्या दिवशी हेच घडलं होतं. फायलीतलं नाव बदलून टाकलं होतं आणि आमची बिल्डं मुख्य शाखेवरचा ताजा कोड जुन्याच नावाने मागत होती. शिवाय जुन्या नावाचा रेपो त्याच खात्यात पुन्हा कुणी उघडला, की रिडायरेक्टही संपतो.

करायचं होतं ते एवढंच : जुन्या नावाने एक शेवटची आवृत्ती काढायची, तिच्यात एलियस, वर ‘डेप्रिकेटेड’ची, म्हणजे ‘हे आता वापरू नका’ अशी टीप आणि नवं नाव. 2021 पासून ‘गो’ ती टीप वाचून वापरणाऱ्याला सांगतंसुद्धा. अर्ध्या दिवसाचं काम. हल्ली अर्धा दिवस कुणाकडे नसतो. हलवणाऱ्याला हलवल्याची शाबासकी मिळते, आणि मोडलेलं जोडणारा रजेवर असला तरी फोन उचलतो.

मी ओसरीत लॅपटॉप उघडून ती आवृत्ती काढली. संपेपर्यंत ऊन उतरलं. आई घरात नव्हती. आमचं घर सडकेला येऊन बरीच वर्षं झाली, पण तान्ह्या पोळ्याला ती गावातल्या जुन्या घराच्या ओट्यावर जाऊन बसते. नंदी घेऊन पोरं आधी तिथंच येतात. बोलवायला गेलो तर म्हणाली, ‘थांब ना जरा. पोरं येतीन तं खाली हातानं जातीन का?’ पदराच्या गाठीत बोजाऱ्याची चिल्लर होती. दोन नंदी अजून यायचे होते.