बँडमास्तरचा हात कसा हलवावा?

प्रकल्पासाठी बँडमास्तरचे ॲनिमेशन करताना आधी ताल मोजावा, मग चित्र काढावे. तेज चालीत मिनिटाला 120 पावले, म्हणजे सेकंदाला 2 ठोके. चित्रपटात सेकंदाला 24 चित्रे. म्हणून एका ठोक्याला 12. चार ठोक्यांत हात खाली, आत, बाहेर, वर असा फिरतो.

मात्र पहिल्या ठोक्याच्या आधीच्या 12 चित्रांत हात उचललेला दिसला पाहिजे. 'तेज' ऐकून कॅडेट सज्ज होतो आणि 'चल'वर पाऊल टाकतो. वादकांनाही तसाच इशारा लागतो. तो नसेल तर बँडमास्तर संगीतामागे धावताना दिसतो.

हात ठळक दिसावा म्हणून गडद कोटावर पांढरे हातमोजे द्यावेत. डिस्नेच्या 1935 च्या 'द बँड कॉन्सर्ट'मध्ये मिकीचा कोट मुद्दाम मोठा आहे. बाह्या हातावर घसरतात आणि हसू येते.