पिवळ्या कार्डावरची तारीख

केनियातील मसाई माराची सहल आता मराठी माणसाला अपूर्वाईची राहिलेली नाही. जुलै ते ऑक्टोबर या काळात तिथे विल्डबीस्टचे प्रचंड कळप नदी ओलांडतात आणि ते पाहायला जाणाऱ्यांचे बेत आपल्याकडे उन्हाळ्यातच ठरतात. घाना, नायजेरिया, अंगोला, युगांडा या देशांत नोकरी-व्यवसायासाठी जाणारेही बरेच आहेत. तिकीट, व्हिसा, विमा, परकीय चलन या गोष्टी कुणी विसरत नाही. केनियाने तर २०२४ पासून व्हिसाऐवजी ‘ईटीए’ ही ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली, त्यामुळे वकिलातीची पायरीही चढावी लागत नाही. विसरले जाते ते एक इंजेक्शन. प्रवास चार-पाच दिवसांवर आल्यावर त्याची आठवण होते आणि मग लसीकरणासाठी आलेला प्रवासी हळू आवाजात विचारतो, “डॉक्टर, तारीख जरा मागची टाकता येईल का?”

उत्तर अर्थातच ‘नाही’ असते. पण नुसते ‘नाही’ म्हटले की सरकारी माणूस अडवून धरतोय असे वाटते. म्हणून या तारखेमागचे कारण समजून घेऊ. पीतज्वर, म्हणजेच यलो फीवर, या आजाराच्या नियमांत दोन आकडे पुन्हा पुन्हा येतात: दहा दिवस आणि सहा दिवस. हे आकडे कुणा बाबूने मनाने ठरवलेले नाहीत. एक आपल्या शरीराने ठरवला आहे आणि दुसरा विषाणूने.

आधी आजाराविषयी. पीतज्वराचा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला. तो पसरवतो एडिस जातीचा डास. आफ्रिकेतील ३४ आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतील १३ देशांत, संपूर्ण देशात किंवा काही भागांत, हा आजार ठाण मांडून आहे. सुरुवात साध्या तापासारखी असते: थंडी, डोकेदुखी, पाठदुखी, उलट्या. बहुतेक रुग्ण तीन-चार दिवसांत बरे होतात. काहींना मात्र एखाद्या दिवसाच्या उतारानंतर पुन्हा जोराचा ताप येतो, यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, कावीळ होते, नाकातोंडातून रक्त येते. काविळीमुळेच या ज्वराला ‘पीत’ हे नाव पडले. या दुसऱ्या टप्प्यात गेलेल्यांपैकी साधारण निम्मे रुग्ण सात ते दहा दिवसांत दगावतात. या विषाणूवर नेमके औषध आजही नाही. जे आहे ते लसच.

लस मात्र उत्तम आहे. मॅक्स थायलर यांनी १९३० च्या दशकात ती विकसित केली आणि त्यासाठी त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातील विषाणू जिवंत पण दुर्बल केलेला असतो. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, पण त्याला वेळ लागतो. टोचल्यानंतर दहा दिवसांत ८० ते १०० टक्के लोकांत संरक्षण तयार होते आणि तीस दिवसांत ते ९९ टक्क्यांच्या पुढे जाते. पहिला आकडा येतो तो इथून. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते. एक तारखेला लस घेतली, तर अकरा तारखेपासून. मागची तारीख टाकली तर कागद वैध दिसेल, पण शरीरात प्रतिपिंडे काही मागच्या तारखेने तयार होत नाहीत.

दुसरा आकडा सहाचा. डास चावल्यापासून आजार दिसू लागेपर्यंत तीन ते सहा दिवस जातात. या काळात प्रवासी ठणठणीत दिसतो, विमानात बसतो, मुंबईला उतरतो. म्हणून भारताचा नियम असा आहे: पीतज्वर असलेल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत जो भारतात येईल, त्याच्याकडे वैध प्रमाणपत्र हवे. नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. हा नियम परदेशी पाहुण्याला आहे तसाच आपल्या नागरिकालाही आहे. सूट आहे ती फक्त तान्ह्या बाळांना.

इथेच बहुतेकांचा मोठा गैरसमज होतो. हे प्रमाणपत्र ‘तिकडचे लोक’ मागतात असे वाटते. घाना, अंगोला, युगांडा असे काही देश येणाऱ्या प्रत्येकाकडे ते मागतात हे खरे. पण भारतातून थेट केनियात जाणाऱ्याला नैरोबीचा अधिकारी कदाचित विचारणारही नाही, कारण भारतात हा आजारच नाही. विचारणा होईल ती परत येताना, आपल्याच विमानतळावर. सहलीहून दमून आलेल्या माणसाला घर तासाभरावर असताना सहा दिवस वेगळे राहावे लागले, तर त्याचा संताप समजण्यासारखा आहे. पण हा नियम त्याला छळण्यासाठी नाही, विमानतळाबाहेरच्या आपल्या सर्वांसाठी आहे.

का, ते पाहा. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्या फुलदाण्यांत, कूलरमध्ये, गच्चीवरच्या टाक्यांत सुखाने नांदतो. तोच डास पीतज्वरही पसरवू शकतो. आणि आपल्याकडे जवळजवळ कुणीही ही लस घेतलेली नाही. म्हणजे डास तयार, माणसे असुरक्षित, फक्त विषाणू नाही. तो आजवर आशियात रुजला का नाही, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. डेंग्यूमुळे मिळालेले थोडेफार संरक्षण, आपल्याकडच्या डासांचे गुणधर्म, भौगोलिक अंतर अशी कारणे सांगितली जातात. पण यांतल्या कुठल्याच कारणावर निर्धास्त राहता येत नाही. विमानाने ते अंतर काही तासांवर आणले आहे.

ही भीती पुस्तकी नाही. २०१६ मध्ये अंगोलात पीतज्वराची मोठी साथ आली. तिथे काम करणारे चिनी कामगार मायदेशी परतले आणि त्यांच्यातील अकरा जणांना पीतज्वर झाल्याचे चीनमध्ये निष्पन्न झाले. बाहेरून आलेल्या पीतज्वराची आशियातील ही पहिलीच नोंद. सुदैवाने तिथे पुढे प्रसार झाला नाही. पण रुग्ण विमानातून आशियात पोहोचू शकतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

पुण्याशी जोडलेली एक जुनी गोष्टही इथे आठवते. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि भोवतालच्या गावांत ताप पसरला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या एनआयव्हीतील शास्त्रज्ञांच्या मनात आलेली एक शंका पीतज्वराचीच होती. कारण दक्षिण अमेरिकेच्या जंगलात माकडे मरू लागणे ही पीतज्वराची पूर्वसूचना समजतात. तपासात वेगळाच विषाणू निघाला. तो याच कुळातला, पण डासांऐवजी गोचिडीतून पसरणारा. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी परिसरात ‘माकडताप’ म्हणतात तो हाच. एकदा विषाणू जंगलातील प्राण्यांत शिरला की त्याला हुसकावणे किती अवघड असते, हे तिथल्या काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना विचारावे. पीतज्वराचेही तसेच आहे. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत तो माकडांत टिकून राहतो, म्हणून देवीसारखा त्याचा नायनाट करता येत नाही.

आता व्यवहाराच्या गोष्टी. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच ती मिळते आणि त्यांचेच प्रमाणपत्र चालते. केंद्रांची आणि पीतज्वराच्या देशांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. यादी बदलते, म्हणून शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी काय केले यावर जाऊ नये. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे अनेक केंद्रे ठरावीक वारी, आधी नोंद घेऊनच लस देतात. म्हणजे दहा दिवसांच्या आधी ही नोंदणीही धरावी लागते. तिकीट काढाल त्याच आठवड्यात केंद्राशी संपर्क साधावा, हे उत्तम.

जाताना मूळ पासपोर्ट न्यावा. मिळणारे पिवळे कार्ड तिथेच नीट वाचून घ्यावे: नाव आणि पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे का, लसीची तारीख, उत्पादक आणि बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का आहे का. तुमची सहीही लागते. खाडाखोड केलेले किंवा अपुरे भरलेले कार्ड अवैध ठरू शकते. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी वैध आहे. पूर्वीची दहा वर्षांची मुदत गेली. जुन्या कार्डावर दहा वर्षांची तारीख छापलेली असली, तरी पुन्हा लस घ्यायची गरज नाही. पासपोर्ट नवीन काढला असेल तर कार्डासोबत जुनाही जवळ ठेवावा.

मार्गावरही लक्ष असू द्या. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही. पण तिथे जाताना आदिस अबाबा किंवा नैरोबीत विमान बदलायचे असेल आणि थांबा बारा तासांपेक्षा मोठा असेल, तर दक्षिण आफ्रिका प्रमाणपत्र मागते. अशा थांब्यात विमानतळाबाहेर पडून शहर पाहण्याचा मोह झाला, तर भारतात परतताना तोही पीतज्वराच्या देशातील मुक्काम ठरतो. स्वस्त तिकिटाचा मार्ग निवडताना हे पाहिलेले बरे.

ही लस सर्वांना चालत नाही. जिवंत लस असल्यामुळे कर्करोगावरील उपचार सुरू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, स्टिरॉइडचे मोठे डोस घेणारे, प्रतिकारशक्ती खूप खालावलेले एचआयव्हीबाधित, थायमस ग्रंथीचा आजार असलेले आणि अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले यांना ती देत नाहीत. नऊ महिन्यांखालील बाळांना सहसा देत नाहीत. गर्भवती आणि तान्ह्या बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. साठीनंतर पहिल्यांदा लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम क्वचितच होतात, पण तरुणांपेक्षा जास्त होतात. निवृत्तीनंतर सफारीला निघालेल्या आजी-आजोबांनी म्हणूनच आपले आजार आणि गोळ्या न लपवता सांगाव्यात. ज्यांना लस देता येत नाही, त्यांना तसे वैद्यकीय पत्र मिळते. ते विचारात घेतले जाते, पण त्यामुळे विलगीकरण टळेलच असे नाही. डासांपासून संरक्षण तर ते पत्र मुळीच देत नाही. अशांनी प्रवासाचे ठिकाणच बदलावे का, याचाही विचार करावा.

एक पळवाट हल्ली ऐकू येते. निघायच्या दिवशी लस घ्यायची, बारा दिवसांची सहल करायची, म्हणजे परतीच्या दिवशी प्रमाणपत्र वैध! कागदाचा हिशेब जुळतो, पण पहिले दहा दिवस, म्हणजे नेमके डास चावण्याचे दिवस, अंगात पुरेसे संरक्षण नसतेच.

शेवटी, जे कुठल्याही खिडकीवर विचारत नाहीत तेही ध्यानात ठेवावे. पीतज्वराच्या बहुतेक देशांत मलेरियाही आहे आणि आफ्रिकेतला मलेरिया फार घातक असतो. त्यासाठीच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने जाण्यापूर्वी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही ठरलेले दिवस घ्याव्या लागतात. अंगभर कपडे, डास पळवणारे मलम, मच्छरदाणी यांना पर्याय नाही. परतल्यानंतर ताप आला तर घरी गोळी घेऊन वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि आपण कुठून आलो ते न विचारता सांगा. तेवढ्या एका वाक्याने योग्य तपासणी लवकर होते आणि जीव वाचू शकतो.