शाहाबादी फरशीची पारख

शाहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. भीमेच्या खोऱ्यात, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात, तो थरांथरांनी आढळतो. म्हणूनच त्याच्या सपाट लाद्या निघतात आणि म्हणूनच कच्ची लादी पापुद्र्यांनी सुटते. तेव्हा घोटीव चेहऱ्याला भुलू नये, कड पाहावी. कडेला बारीक चीर दिसली तर ती लादी बाजूला ठेवावी. मग लादी उभी धरून हातोडीने हलकेच वाजवावी. खणखणीत वाजली तर अखंड; बद्द वाजली तर आत भेग असण्याचा संभव फार. लिंबाचा डाग मात्र उत्तम लादीवरही पडतो. चुनखडीला आंबट सोसत नाही, त्यात दुकानदाराचा दोष नाही.

परंतु खाली पोकळी राहिली तर चांगली लादीही फुटते. काम फुटावर दिलेले, मुकादमाला घाई. मसाला नीट भरायला गवंड्याला सवड देतो कोण? आणि फरशी फुटली की मजुरी कापली जाते ती त्याचीच! असे गाऱ्हाणे आले की आम्ही प्रथम बसवलेली फरशी ठोकून पाहतो. खाली भरीव वाजते आणि वरून पापुद्रे सुटतात, तर माल कोणी निवडला हे विचारतो. पोकळ वाजली, तर काम किती दिवसांत मागितले होते, हे विचारतो.