सत्तर पानांचा पुडा

मे महिन्यात सकाळी गडचिरोलीतल्या एखाद्या जंगलातल्या गावात गेलं, तर बहुतेक दारांना कड्या दिसतात. ओसरीवर एखादी म्हातारी, पायाशी कुत्रं. बाकी गाव पहाटेच पानाला गेलेलं असतं. पान म्हणजे तेंदूचं, ज्यात तंबाखू भरून बिडी वळतात.

१९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे. २०११च्या जनगणनेत इथे माणसं भरली १०,७२,९४२. चौरस किलोमीटरला ७४. महाराष्ट्राची सरासरी ३६५. दोन-तृतीयांशाहून जास्त भागावर जंगल, म्हणजे माणशी जवळजवळ एक हेक्टर. शेती मुख्यतः पावसावरच्या धानाची. धान घरी खायला होतं, पण हातात रोकड येते ती उन्हाळ्यात: आधी मोहफुलं, मग तेंदू.

तेंदूचं काम फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू होतं. झुडपं जमिनीलगत छाटतात. महिना-दीड महिन्यात बुंध्यातून नवे फुटवे येतात आणि त्यांचं पान मऊ, लवचिक निघतं. जुनं पान जाड असतं, वळताना तडकतं. तोडणी उन्हं चढायच्या आत उरकायची. दुपारी सगळं घर सावलीत पुडे बांधायला बसतं. फाटकं, किडकं पान बाजूला, चांगली सत्तर पानं मोजून एक पुडा, त्याला सालीच्या वाकाची गाठ. लहान पोरंही सत्तर मोजायला इथेच शिकतात.

संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर जातात. तिथे भाव शेकड्याचा, म्हणजे शंभर पुड्यांचा. हजार पुड्यांची एक मानक गोणी होते. एका गोणीत सत्तर हजार पानं, आणि त्यातलं प्रत्येक पान कुणाच्या तरी बोटांनी खुडलेलं! फळीवर पुडे उन्हात पसरून वाळवतात, मधेमधे उलटतात. वाळल्यावर किंचित पाणी शिंपडून मऊ करतात आणि पोत्यात दाबून भरतात. त्या भरलेल्या पोत्याला बोद म्हणतात. वाळवणीत वळवाचा पाऊस आला तर पान काळं पडतं आणि भाव कोसळतो.

तोडणाऱ्याला मिळते ती मजुरी. त्यावर खरेदीदार जी रॉयल्टी देतो ती पूर्वी सरकारकडे जायची. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजाची, म्हणजे तेंदू, बांबू, मोह अशा लाकूड सोडून बाकी उत्पन्नाची मालकी गावाकडे आणली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावचे नेते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी मग बांबूसाठी लढा दिला, कारण वनखातं बांबूला गौण वनोपज न मानता झाड म्हणे आणि वाहतूक परवाना स्वतःकडेच ठेवी. एप्रिल २०११मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत या जिल्ह्यात झालेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. त्यानंतर अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या.

लिलाव करणं सोपं नाही. खरेदीदारांनी आपसात संगनमत केलं तर बोली वर चढत नाही. माल उचलल्यावर रक्कम थकली तर दूरच्या पाड्यातल्या माणसांना ती वसूल करायला तालुक्याच्या फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून ग्रामसभेतला हिशेब लिहिणारा मुलगा आता पान तोडणाऱ्याइतकाच मोलाचा झाला आहे. जूनच्या सरी पडायच्या आत बोद ट्रकमध्ये चढतात. बिडी बहुतेक दुसरीकडेच वळली जाते. घरात उरते ती मजुरी, तिच्यातूनच धानाचं बियाणं येतं.