जबलपूरच्या छावणीतलं बालपण

ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्सची रेजिमेंटल सेंटर्स जबलपुरात आहेत. 1904 ची गन कॅरेज फॅक्टरीही इथलीच. छावणीतल्या मुलांना क्वार्टर, कँटीन, मैदान सगळं हाकेच्या अंतरावर! बदली आली की नाव-नंबर रंगवलेल्या काळ्या ट्रंका बाहेर निघतात. अशा मुलांचं शिक्षण अडू नये म्हणून 1963 मध्ये 20 रेजिमेंटल शाळांपासून केंद्रीय विद्यालयं सुरू झाली. गाव बदललं तरी पुस्तकं तीच.

खरी कसोटी वडिलांच्या निवृत्तीनंतर. बहुतेक जवान चाळिशीच्या आसपास घरी येतात, तेव्हा मुलं शाळेतच असतात. साताऱ्यासारख्या मूळ गावी परतल्यावर हिंदीत वाढलेल्या मुलांना मराठी शाळा जड जाते. माजी सैनिकांनो, केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशात तुमच्या मुलांना प्राधान्य आहे. जरूर अर्ज करा!

#फौजीबालपण #जबलपूर