पांढऱ्या दिव्यातली पिवळी पूड

आज बोलू या एलईडी बल्बबद्दल. खोक्यावर आयुष्य भरपूर लिहिलेलं असतं. पण आपल्या धर्मापुरीच्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली लावलेला बल्ब लवकर मंद होतो किंवा बंद पडतो. कारण कळलं, तर पैसे वाचतील आणि रात्री शिवणयंत्रावर बसणारीचे डोळेही.

या बल्बच्या आत पिवळे ठिपके असतात. ठिपक्यातली चिप खरं तर निळा उजेड देते. तिच्यावरची पिवळी पूड त्यातला काही उजेड शोषून पिवळा करून सोडते. निळा आणि पिवळा मिसळला की आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो. पिवळट कपड्याला नीळ दिली की तो पांढरा दिसतो ना, काहीसं तसंच. या पुडीला फॉस्फर म्हणतात; काडेपेटीतल्या फॉस्फरसशी तिचा संबंध नाही. निळा एलईडी शोधणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 साली नोबेल मिळालं.

आता उष्णतेचं. बल्ब हाताला कोमट लागला, तरी आत ठिपक्यापाशी तापमान 100 अंशांच्या आसपास जाऊ शकतं. पूड फार तापली की तिच्यातली काही शक्ती उजेड न होता उष्णतेतच जाते. थंड झाल्यावर पूड सावरते. पण तिला धरून ठेवणारा चिकट थर सतत तापून पिवळा पडला, तर उजेड कायमचा घटतो. बल्बच्या बुडातल्या कपॅसिटरचे हाल तर आणखी वाईट. दर 10 अंश वाढीला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. बल्ब एकाएकी बंद पडतो, तो बहुतेक वेळा या बुडातल्या भागामुळेच.

म्हणून उष्णता सोसणाऱ्या पुडी शोधण्याचं काम जगभर चालू आहे. आपल्याकडे नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही फॉस्फरवर संशोधन होतं. मोटारींच्या काही दिव्यांत चिकट थराऐवजी काचेत किंवा सिरॅमिकमध्ये पूड बसवतात.

आणि जो दोष, तोच दुसरीकडे गुण! काही पुडींवर क्षणभर उजेड टाकला, तर पूड जितकी गरम, तितकी तिची चमक लवकर विझते. काचेच्या बारीक तंतूच्या टोकाला अशी पूड लावून मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या आतलं तापमान मोजतात. तिथे धातूची तार नेणं धोक्याचं असतं.

आपण घरी काय करायचं? बल्ब पत्र्याला खेटून लावू नका, वीतभर खाली सोडा. चहूबाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात घालू नका. चुलीच्या धगीपासून लांब ठेवा. पावती आणि खोकं जपा. मुदतीत बंद पडला तर दुकानातून बदलून मागा, तो आपला हक्क आहे. आणि बल्ब कधीही घरी उघडू नका, आत विजेचा धोका असतो.

वारा लागेल तिथे दिवा लावा, मैत्रिणींनो. भेटू पुढच्या भागात!