‘रेड बिग बस’ का चालत नाही?

इंग्रजी संभाषणाच्या गाइडमध्ये विशेषणांचा एक तक्ता हमखास असतो. आधी मत, मग लहानमोठेपणा, मग वय, घडण, रंग, मूळ ठिकाण, कशाचं बनलंय ते आणि शेवटी उपयोग. परीक्षेला बसणारी मुलं तो घोकतात. गंमत म्हणजे ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांना हा तक्ता सहसा कुणी शिकवलेला नसतो. मार्क फोर्साइथ या इंग्रज लेखकाने २०१३ साली एका पुस्तकात हा क्रम मांडला. २०१६ मध्ये त्यातल्या परिच्छेदाचा फोटो समाजमाध्यमांवर फिरला आणि जन्मभर इंग्रजी बोललेली माणसं थक्क झाली. नियम मोडला तर कान टवकारतात, पण तो नियम आहे हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

तक्त्यांचं आपसातही जमत नाही. फोर्साइथ वय आधी घेतो आणि घडण नंतर. केंब्रिज शब्दकोशाच्या व्याकरणात नेमकं उलट. शेवटचा ‘उपयोग’ हा रकाना तर मला नावापुरताच वाटतो. ‘फ्राइंग पॅन’मधलं ‘फ्राइंग’ हे विशेषण कसलं, ते नामाचाच अर्धा भाग झालेलं आहे. आणि आठही रकाने भरतील अशी वस्तू रोजच्या बोलण्यात येते कुठे? दोन विशेषणं, फार तर तीन. त्यामुळे तक्ता पाठ करण्यापेक्षा हा क्रम मुळात आला कुठून, हे विचारण्यात जास्त मजा आहे.

कादंबरीकार जे. आर. आर. टॉल्किनला हा प्रश्न सातव्या वर्षाच्या सुमारास पडला. त्याने लिहिलेल्या ड्रॅगनच्या गोष्टीत ‘ग्रीन ग्रेट ड्रॅगन’ असं होतं. आईने सांगितलं, ‘ग्रेट ग्रीन ड्रॅगन’ म्हणायचं. असं का, हे कोडं आपल्याला अजून सुटलेलं नाही, असं त्याने १९५५ मध्ये कवी ऑडनला पत्रातून कळवलं. तोवर त्याची भाषाशास्त्राची प्राध्यापकी कित्येक वर्षांची झाली होती.

एक उत्तर मात्र आधीच लिहून झालं होतं, तेही विमा कंपनीतल्या माणसाकडून. बेंजामिन ली व्होर्फ हार्टफर्डच्या एका कंपनीत आगी टाळण्यासाठीची तपासणी करायचा आणि उरल्या वेळात भाषांचा अभ्यास. १९३७ मध्ये लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १९४५ मध्ये छापलेल्या निबंधात त्याने म्हटलं, की जे गुण वस्तूच्या अंगचे, म्हणजे रंग किंवा ती कशाची बनली आहे ते, त्यांचे शब्द नामाला चिकटून बसतात. लहानमोठेपणा आणि आपलं मत त्यांच्या आधी येतं. कल्पना छान, पण ‘अंगचा गुण’ मोजायचा कसा? बसची लांबीही तिच्या अंगचीच की.

ग्रेगरी स्कॉन्ट्रास, ज्युडिथ डेगन आणि नोआ गुडमन या संशोधकांनी २०१७ मध्ये ते मोजून दाखवलं. त्यांनी २६ विशेषणं घेतली. लोकांपुढे ‘स्मॉल ब्राउन चेअर’ आणि ‘ब्राउन स्मॉल चेअर’ अशा धाटणीच्या जोड्या ठेवून कानाला कुठली बरी वाटते ते विचारलं. मग वेगळाच प्रश्न: एकजण म्हणतो ही वस्तू लहान आहे, दुसरा म्हणतो मुळीच नाही, दोघंही बरोबर असू शकतात, की एकजण चुकतोच? ‘लहान’वर दोघांचंही खरं असू शकतं. ‘लाकडी’वर नाही, कुणीतरी चुकतंय हे नक्की. ज्या विशेषणावरून वाद घातला तरी कुणी खोटं ठरत नाही, ते नामापासून लांब. ज्यावर वादाला जागाच नाही, ते नामाला लागून. रकान्यांचा क्रम या एका मापावर बराचसा उलगडतो.

असं का व्हावं, याचं एक पटणारं स्पष्टीकरण असं. मंडईत ‘मोठे लाल टोमॅटो द्या’ म्हटलं, की अर्थ नामाकडून बाहेर उलगडत जातो, बोलण्याच्या उलट दिशेने. टोमॅटो, त्यातले लाल, आणि त्या लालांतले मोठे. लाल कुठले यावर भाजीवाल्याचं आणि आपलं फारसं दुमत होत नाही. ‘मोठे’ कशाला म्हणायचं यावर होऊ शकतं, पण तोवर ढीग लहान झालेला असतो, म्हणून गफलतीलाही वाव कमी उरतो.

हिब्रूत विशेषणं नामाच्या मागे येतात आणि तिथे ‘चेंडू लाल मोठा’ अशी आरशातली रांग लागते. म्हणजे खरा मुद्दा आधी किंवा नंतर बोलण्याचा नाही, नामापासूनच्या अंतराचा आहे. मराठीतही ‘सुरेख जुनं सागवानी कपाट’ सहज वाटतं, ‘सागवानी जुनं सुरेख कपाट’ म्हटलं की अडखळायला होतं. मात्र स्वल्पविराम दिले की सारा मामला बदलतो. वधूवरांच्या जाहिरातीतली ‘उंच, गोरी, सुशिक्षित’ ही विशेषणं कशीही फिरवा. तिथे प्रत्येक शब्द आपापला, थेट मुलीलाच लागतो. इंग्रजीतही तसंच.

एरवीही इंग्रजीत ही रांग मोडते. समोर दोन्ही बस मोठ्याच असतील आणि लाल तेवढी दाखवायची असेल, तर ‘रेड’वर जोर देऊन ‘रेड बिग बस’ बिनदिक्कत म्हणता येतं. आणि बालकथांमधला ‘बिग बॅड वुल्फ’ तर वर्षानुवर्षं नियम धाब्यावर बसवून हिंडतोय. ‘बॅड’ हे मत, ते आधी हवं होतं. काहींच्या मते तिथे अर्थापेक्षा नाद वरचढ ठरतो: ‘झिगझॅग’ आणि ‘पिंगपाँग’सारखा इ-कार आधी, मोठ्या तोंडाचा स्वर नंतर. हे खरं असेल, तर लांडग्यापुरता तरी व्होर्फ आणि स्कॉन्ट्रास या दोघांचाही काही उपयोग नाही.